बोटांना न कळलेला बोल्ट

त्याला सगळे काटा म्हणत. काटा मिस्त्री. टोचणारा काटा नव्हे, वजनाचा. इंजिनाचा बोल्ट तो नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळायचा आणि तो अंदाज चुकत नसे. टॉर्क पाना म्हणून एक पाना असतो. बोल्ट ठरवलेल्या ताकदीला आवळला गेला की तो 'टक्' वाजतो आणि आता बास म्हणून सांगतो. काट्याने आवळलेल्या बोल्टला हा पाना लावला की बोल्ट तसूभरही न हलता टक् वाजायचं. त्याच्या शेडमध्येही असा पाना होता, पण तो पेटीत झोपलेला असे. कुणी पैज मारली तरच त्याला बाहेरचा उजेड दिसायचा.

"त्यात काय मोठंसं," काटा म्हणायचा. "बोल्ट आधी बसतो, मग ताणतो, मग सांगतो की आता नको. बोटांना कळतं."

आणि मग बोटांना कळेनासं झालं.

सुरुवात साधीच होती. सकाळी उठल्यावर उजव्या हाताला मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. हळूहळू झटकूनही जाईनात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं अशी झाली, की कुणी त्यांच्यावर जाड हातमोजा चढवून ठेवलाय आणि तो काढायला विसरलंय. वॉशर हातातून निसटून इंजिनाच्या पोटात पडू लागले. खिशात हात घातला तर हाताला लागलेली वस्तू किल्ली आहे की नाणं, ते बाहेर काढून बघावं लागायचं.

काटा तसा भित्रा माणूस नव्हता. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण या हाताची त्याला अशी काही भीती बसली, की तो तिच्याबद्दल स्वतःशीही बोलेना. त्याचे वडील शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून होते, एक बाजू पूर्ण गेलेली. त्यांचं दुखणं हातापासूनच सुरू झालं होतं. ती खोली, ती पलंगाची कड, आणि पाण्याचा पेला धरता येत नाही म्हणून वडिलांच्या डोळ्यांत येणारा तो राग, हे सगळं त्याला गाडीच्या बॉनेटखाली वाकलेला असतानाही दिसायचं. डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर तेच नाव घेणार. न गेलं तर निदान नाव तरी नाही.

मग त्याने युक्त्या शोधल्या. जे बोटांनी व्हायचं ते डोळ्यांनी करायला लागला. बारीक स्क्रू चुंबकाने उचलायचा. आवळताना खांदा लावायचा आणि मनात म्हणायचा, झालं असेल. पूर्वी त्याला झालं हे कळायचं. आता झालं असेल.

काट्याची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टरांच्या हातात एकेक हत्यार द्यायचं, दिवा धरायचा, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "झालंच हं, झालंच" म्हणायचं, हे तिचं रोजचं काम. ती काही बोलली नाही. काट्याला वाटलं, तिला पत्ता नाही.

शनिवारी सकाळी व्हॅनवाली ताई आली. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ही बाई काट्याचं जुनं गिऱ्हाईक. मुलं तिला मावशी म्हणत आणि घाबरत, कारण खिडकीबाहेर हात दिसला की ती भर रस्त्यात व्हॅन थांबवून आधी हात आत घ्यायला लावायची. मुलांना शाळेत सोडून ती थेट शेडमध्ये आली होती.

"मिस्त्री, खाली पाणी गळतंय. काटा लाल पट्ट्याकडे चाललाय. म्हणजे तुम्ही नाही, गाडीतला."

काटा हसला. वाकून बघितलं. इंजिनातलं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे एक झाकण असतं, त्याच्या कडेने थेंब येत होते. झाकण काढायचं, आतलं पॅकिंग बदलायचं, झाकण परत लावायचं. दोन बोल्टांचं काम.

"तासाभरात देतो," तो म्हणाला. ती समोरच्या वाण्याकडे सामान घ्यायला गेली.

पहिला बोल्ट सुटला. सुटला तो फारच सहज. काट्याने तो उजेडात धरला. बोल्टाच्या आट्यांभोवती, म्हणजे पिळाच्या खाचांभोवती, चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते इंजिनाच्या भोकातले आटे होते. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, मऊ. कुणी बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की भोकातले आटे सोलून निघतात आणि मग बोल्ट नुसता नावाला बसलेला राहतो.

कुणी आवळला होता? हे झाकण गेल्या वर्षी उघडलं होतं. काट्यानेच. त्या झाकणाला दुसऱ्या कुणाचा हातच लागला नव्हता.

म्हणजे गेल्या वर्षापासून?

तो विचार त्याने बाजूला ढकलला आणि दुसऱ्या बोल्टाला पाना लावला. हा बोल्ट गंजून हेडमध्ये चिकटला होता. असा बोल्ट तुटण्याआधी इशारा देतो. पाना रबरासारखा ओढायला लागतो. त्या क्षणी थांबायचं, उलटं फिरवायचं, तेल सोडायचं, पुन्हा थोडं पुढे. काट्याने असे किती बोल्ट जिवंत बाहेर काढले होते त्याला गणती नव्हती. त्याने पाना ओढला. इशाऱ्याची वाट बघत ओढला. इशारा आलाच नाही. नुसता कट्ट आवाज झाला आणि पाना हातात मोकळा आला. बोल्टाचं डोकं जमिनीवर टणटणत गेलं. उरलेला बोल्ट आत, भोकाच्या तोंडापेक्षाही खाली.

इशारा आला असणार. त्यालाच तो ऐकू गेला नाही.

काटा तसाच उभा राहिला. बोल्ट तुटणं ही काही जगबुडी नव्हे. सगळ्यांच्या हातून तुटतात. पण त्याच्या मागोमाग दुसरी एक गोष्ट डोक्यात आली. मागच्याच आठवड्यात त्याने याच व्हॅनचे पुढचे ब्रेक केले होते. चाकाच्या आत ब्रेकला धरून ठेवणारा एक लोखंडी जबडा असतो. तो त्याने काढला होता, परत लावला होता, बोल्ट आवळले होते. आणि मनात म्हणाला होता, झालं असेल.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं. समोरचा लेथवाला ओरडला, "काय रे काट्या, आज लवकर?"

"डोकं चढलंय," काटा म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

जॅक लावला. चाकं काढली. पेटी उघडून टॉर्क पाना बाहेर काढला. उजव्या चाकाचा वरचा बोल्ट: टक्. खालचा: टक्. डाव्या चाकाचा वरचा: टक्. काट्याने श्वास सोडला. मग डावीकडचा खालचा.

पाना फिरला.

आणखी फिरला. पाना फिरतच होता, आणि मग केव्हातरी टक् वाजलं.

तो तिथेच चाकावर बसला. या व्हॅनच्या पुढच्या सीटवर टोपी घातलेली एक मुलगी बसायची, शेडवरून जाताना रोज त्याला जीभ काढून दाखवायची, तोही तिला काढून दाखवायचा. आठवडाभर ही पोरं त्या बोल्टावर विसंबून उतारावरून खाली येत होती. काही झालं नव्हतं. पण काही झालं नव्हतं याने त्याला धीर येईना. उलट, होऊ शकलं असतं ते सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागलं आणि ते थांबवायचं कसं तेही त्याला कळेना.

ताई परत आली तेव्हा तो तोंडावर पाणी मारून उभा होता. "बोल्ट तुटला, ताई. काम वाढलंय. उद्या दुपारी देतो."

"सोमवारी मुलं आहेत हं, मिस्त्री."

"हो," तो म्हणाला. ब्रेकबद्दल त्याच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. ती दुपारच्या फेरीसाठी दिराची गाडी मागायला गेली आणि तो तिच्या पाठीकडे बघत राहिला.

घरी आल्यावर बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गॅस बंद केला.

"काय झालं?"

"काही नाही."

"हात दाखवा."

"हाताला काय झालंय?"

"तेच बघायचंय. तुम्ही बटणांचे शर्ट घालायचं सोडलंत, मला वाटलं गरम होत असेल. मग बघितलं तर चपलेचा बंद लावायलाही बसता. मी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल." तिने सेफ्टी पिन काढली. "डोळे मिटा."

त्याने मिटले.

"टोचली की सांगा."

तो थांबला. "टोच ना."

ती काही बोलली नाही.

"अगं टोच की!"

"उघडा डोळे," ती म्हणाली. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब उभा होता.

तीही घाबरली होती; तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. पण बोलली ती दवाखान्यातल्या आवाजात. "मी रोज घाबरलेली माणसं बघते. घाबरलेला माणूस एकच करतो, तोंड घट्ट मिटतो. मग आतलं कुजत राहतं. आता तोंड उघडा."

मग त्याने सगळं सांगितलं. वडील, मुंग्या, सोललेले आटे, तुटलेला बोल्ट. ब्रेकचं शेवटी सांगितलं.

"सोमवारी डॉक्टर," ती म्हणाली. "आणि ताईंना उद्या सांगायचं."

"ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. मुलं तिच्या गाडीत बसतात."

"आणि तो बोल्ट? दुसऱ्या कुणाला बोलावलं तर गल्लीभर होईल. मी केलं तर भोकाची वाट लागेल."

तिने त्याचा अंगठा कापसाने पुसला. "उद्या दवाखाना बंद आहे. मी येते. हात माझे, अक्कल तुमची."

रविवारी गल्ली शांत होती. बायकोने साडीचा पदर खोचला, वर त्याचा जुना डगला चढवला आणि इंजिनात डोकावली. "जबड्यात मागची दाढ. आम्हाला हे नवीन नाही."

काट्याला हसू आलं नाही. त्याने पाण्याच्या वाटेत कापडाचा बोळा कोंबायला सांगितला, म्हणजे लोखंडाचा कीस आत जायला नको. आदल्या दिवशीच त्याने तुटक्या बोल्टावर तेल सोडून ठेवलं होतं. आधी त्याच्या मधोमध खूण. ती पंच धरून हातोडी मारायला गेली, तो ओरडला, "थांब!" खूण जरा जरी बाजूला गेली तरी ड्रिल घसरून मऊ ॲल्युमिनियम खाणार, आणि त्या भिंतीपलीकडे पाणी. तिने पंच सरकवला. "इथे?" "अजून केसभर वर." "इथे?" "हं."

ठक्.

मग ड्रिल. ड्रिलला कुठवर जायचं ते कळावं म्हणून त्याने चिकटपट्टी गुंडाळली होती. ती ड्रिल धरून होती आणि तो बाजूने डोळा लावून वाकडं होतंय का बघत होता. ड्रिल किंचाळायला लागलं की त्याचा जीव वर जायचा. "सोड. तेल घाल. आता परत. सरळ, सरळ. दाबू नकोस, त्याला त्याचं खाऊ दे." कीस वळत वळत बाहेर येत होता. ती मध्येच म्हणाली, "तुम्ही श्वास घ्या. आमच्याकडे पेशंट बेशुद्ध पडला तर निदान खुर्ची तरी असते."

तुटक्या बोल्टात भोक पडलं. आता त्या भोकात उलट्या पिळाची एक निमुळती सळई घालून बोल्ट बाहेर फिरवायचा होता. काट्याला सगळ्यात जास्त भीती याच हत्याराची. ते इतकं कडक असतं की आत तुटलं तर त्याच्यावर ड्रिलसुद्धा चालत नाही. मग हेडच उतरवावं लागतं. त्याने आसपासचा भाग गॅसच्या छोट्या बत्तीने तापवला, आणि मग दांडा बायकोच्या हातात दिला.

"हळू. एकदम हळू. आणि काय वाटतं ते बोलत राहा."

"घट्ट आहे."

"हं."

"अजून घट्ट. हलत नाहीये. आता... आता हलल्यासारखं वाटतंय, पण विचित्र. रबर ओढल्यासारखं."

"थांब!" तो इतक्या जोरात ओरडला की तिने दांडाच सोडला. "हेच ते. हाच इशारा. उलट घे. थोडंसंच."

तिने उलट घेतलं. तेल. पुन्हा तापवणं. पुन्हा पुढे, पुन्हा रबर, पुन्हा मागे. काट्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याला कळत नव्हतं ते ती शब्दांत सांगत होती आणि तो ते शब्द ऐकून मनातल्या मनात पाना फिरवत होता. किती वेळ गेला कुणी बघितलं नाही. मग तिचा चेहरा बदलला.

"सुटला," ती पुटपुटली. "अहो, सैल झालाय. फिरतोय."

तुटका तुकडा पिळत पिळत बाहेर आला, काळाकुट्ट. तिने तो तळहातावर घेतला. काट्याने शेडच्या भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

दुसरं भोक त्यामानाने सोपं, पण भीती तीच. सोललेलं भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे, आणि त्यात स्प्रिंगसारखी एक पोलादी कॉइल बसवायची; मग बोल्ट त्या कॉइलमध्ये बसतो. आटे पाडायच्या हत्याराला त्याने ग्रीस फासलं, म्हणजे चुरा त्याला चिकटेल. "अर्धा फेरा पुढे, मग जरासा मागे. मागे घेतलं नाही तर अडकून तुटेल." ती तसंच करत गेली. कॉइल आत वळत गेली आणि कडेशी येऊन बसली. बोळा काढून नवं पॅकिंग घातलं, झाकण लागलं. दोन्ही नवे बोल्ट तिने टॉर्क पान्याने आवळले. टक्, टक्. इंजिन सुरू केलं, तापू दिलं. काट्याने झाकणाच्या कडेखाली पांढरा कागद धरला. कागद कोरडाच राहिला.

दुपारी ताई आली. काट्याने किल्ली दिली नाही. हातातच धरून ठेवली आणि सांगितलं. आधी हाताचं, मग ब्रेकच्या बोल्टाचं. किती सैल होता तेही सांगितलं. आता घट्ट केलाय, हेही.

ताईने व्हॅनच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. मग काट्याच्या हाताकडे.

"काल का नाही सांगितलंत?"

"घाबरलो."

"तुम्ही घाबरलात," ती म्हणाली. "आठवडाभर मी याच गाडीतून पोरं नेली. काही झालं असतं तर?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. तिने किल्ली घेतली, व्हॅन सुरू केली, आणि अगदी सावकाश, पावलापावलाला ब्रेक दाबून बघत गल्लीबाहेर नेली. नंतर कळलं, ती तडक दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली होती, चारही चाकं तपासून घ्यायला.

सोमवारी डॉक्टरने हातावर तारा लावून बघितल्या आणि म्हणाला, मनगटातली नस दाबली गेलीय. वर्षानुवर्षं पाने ओढून, ड्रिलच्या थरथरीने. वडिलांचं ते दुखणं हे नव्हे. एवढं ऐकून काटा खुर्चीत सैल पडला, तेव्हा डॉक्टर पुढे म्हणाला, "आधीच यायला हवं होतं. नस मोकळी करू. पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही." म्हणजे एक भीती गेली आणि तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली.

ऑपरेशनची तारीख यायच्या आधी काटा टॉर्क पाना घेऊन घरोघर फिरला. वर्षभरात ज्यांची चाकं किंवा ब्रेक उघडले होते त्या प्रत्येकाच्या दारात. "जरा बघायचंय," एवढंच म्हणायचा आणि गाडीशेजारी मांडी घालून बसायचा. मग एकेका बोल्टाला पाना लावायचा. काहींनी चहा विचारला. काहींना संशय आला आणि ते पुन्हा त्याच्याकडे आले नाहीत. एका टॅक्सीवाल्याने तर दारातूनच हाकललं. काटा दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेला आणि तिथे त्याची मनधरणी करून चाकं तपासली. व्हॅनचा तो एक सोडला तर सगळे बोल्ट घट्ट निघाले. तरी झोपेत त्याला फिरणारा पाना दिसायचा.

ऑपरेशन झालं. अंगठ्यात जाग आली, मधल्या बोटात थोडी आली, तर्जनी अजून अर्धी झोपलेलीच आहे. काटा शेड चालवतो, पण ब्रेकचं काम घेत नाही. ते लेथवाल्याच्या मेहुण्याकडे पाठवतो आणि कारण विचारलं तर कारण सांगतो. काही अवघड निघालं तर रविवारी बायको येते. दवाखान्यातले डॉक्टर तिला चिडवतात, की तुमच्या नखांत आता काळं दिसायला लागलंय.

व्हॅनवाली ताई पुढे खूप महिने फिरकली नाही. मुलं व्हॅनमधून जायची, पण टोपीवाल्या मुलीची शाळा बदलली होती की जागा, ती काही दिसली नाही. मग एका सकाळी व्हॅन फटफट आवाज करत शेडपुढे येऊन थांबली. ताई उतरली. काट्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"सायलेन्सर फुटलाय," ती म्हणाली. "फक्त सायलेन्सर."

"फक्त सायलेन्सर," तो म्हणाला.

ती गेली नाही. वाण्याकडेही नाही. काटा गाडीखाली शिरला, तेव्हा तिने रिकामा डबा ओढला आणि शेजारी बसली, त्याच्या हातांवर डोळा ठेवून. काट्याने पहिल्या बोल्टाला पाना लावला.